मधोमध एक डाग

आबा, तुम्ही सांगितलेला डाग मी शोधला. तो सूर्यावर नव्हता. मागच्या आठवड्यात काटेवाडीला आले तेव्हा आईनं पत्र्याच्या पेटीतून एक वही काढून माझ्यापुढं टाकली. "तुजीच हाय बघ. रद्दीत घालू का?" मी बारावीत असतानाची वही. वर माझ्या अक्षरात 'सूर्यावरचे डाग', आत रोजची तारीख आणि तिच्यापुढं तुम्ही सांगितलेलं. मला हसूच आलं. म्हटलं, अगं बाई, माझ्या आजच्या धंद्याचं मूळ इथं पडलंय आणि ही रद्दीत घालायला निघालीय.

धंदा काय करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. सूर्याचा उजेड कायम एकसारखा नसतो, आबा. किंचित कमीजास्त होतो, आणि ते होतं त्याच्या चुंबकत्वामुळं. त्याच्या अंगावर कुठं किती चुंबकत्व आहे याचे रोजचे नकाशे निघतात. जिथं ते फार दाटतं तिथं काळा डाग पडतो आणि तेवढा उजेड अडतो. जिथं ते बारीक बारीक विखुरलेलं असतं तिथं चकाकी येते आणि उजेड वाढतो. नकाशा बघून दोन्हींचा हिशेब लावायचा आणि त्या दिवशी सूर्यानं किती उजेड दिला ते सांगायचं, हे माझं काम. तुम्ही एकदा विचारलं होतं, "डाग पडला म्हंजी ऊन कमी पडत आसंल न्हवं?" उत्तर उलटं आहे. डाग जास्त असतात त्या वर्षांत सूर्य एकंदरीत जरा जास्तच तळपतो, कारण चकाकी डागांना पुरून उरते. तुम्हाला हे आवडलं असतं. बारामतीच्या रस्त्यावरच्या त्या वेल्डिंगच्या दुकानात लोक दुधाच्या गळक्या किटल्यांची भोकं झाळून घ्यायला यायचे आणि तुम्ही म्हणायचात, "आपल्यात डाग दिला की भांडं नीट हुतं, सूर्याचं काय बिघडतंय!"

सुरुवात मीच केली. कॉलेजात सरांनी सांगितलं की सूर्यावर डाग असतात, आणि मी तडक दुकानात येऊन तुमच्या मागं लागले. तुम्ही वेल्डिंगची काळी काच घेऊन उन्हात येता, आधी स्वतः बघता. "आयला, हाय की खरंच!" मग मी बघते. डाव्या कडेला तिळाएवढा. मी नाचायचीच बाकी राहते. "रोज बघायचं हं आबा, एक दिवस चुकवायचा नाही," मी बजावलं, आणि तुम्ही खरंच चुकवला नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बघायचं, संध्याकाळी मोरीत हात धुताना मला सांगायचं, मी लिहायचं. ती काच वेल्डिंगच्या ठिणगीसाठी होती, रोज सूर्याकडं बघायला नव्हती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

परवा सहज गंमत म्हणून वहीतल्या तारखांचे जुने नकाशे काढले. पहिली पानं तंतोतंत जुळली. 'डाव्या कडेला', 'जरा मधी सरकला', 'उजवीकडं गेला'. सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग त्याच्याबरोबर सरकतो. म्हटलं, शाब्बास आबा! मग एका पानापासून 'मधोमध एक'. दुसऱ्या दिवशी 'मधोमध एक'. तिसऱ्या दिवशी तेच. पुढं तीन महिने तेच. आणि नकाशात ते बहुतेक दिवस कोरे, सूर्यावर डागाचं नावसुद्धा नाही. आधी मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तीनदा तपासलं. पण सूर्यावरचा कुठलाच डाग मधोमध थांबत नाही, आठवड्याभरात कडेला जातोच. जागचा हलत नाही असा डाग बघणाऱ्याच्या डोळ्यातच असतो.

त्याच वर्षी तुमच्या वेल्डिंगची रेघ वाकडी जायला लागली. सांगवीच्या माणसाचं फाटक परत आलं, मग आणखी दोघांचं. लोक कुजबुजायला लागले आणि मालकानं तुम्हाला घरी बसवलं. आणि मी काय केलं? स्वयंपाकघरात, आईसमोर, तुम्ही भाकरी मोडत असताना विचारलं, "आबा, तुम्ही पिताय का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय गं बाय." एवढंच. ताट सरकवलंत आणि उठलात. त्यानंतर जाईपर्यंतची सहा वर्षं उंबऱ्यावर बसून काढलीत. कुणाकडं सरळ बघायचा नाहीत. माझ्याकडंही मान वळवून तिरकं बघायचात. मला वाटायचं, मनात चोर आहे म्हणून नजर चुकवताय. माझा चेहरा दिसावा म्हणून तिरकं बघत होतात, हे मला आज कळतंय. सरळ बघितलं की माझ्या तोंडावरही तो डाग येत असणार.

डोळा रोजच्या कामानं गेला की माझ्या हट्टानं, ते आता कुठल्याच नकाशावरून काढता येणार नाही. आई अजून आल्यागेल्याला सांगते, "आमचं मानूस कधी थेंबाला शिवलं न्हाय." सांगताना माझ्याकडं बघत नाही. तिला हे सांगायला दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळेला चहा मागितला.

हा कागद वहीत घालून पेटीत ठेवतेय, दुसरीकडं पाठवायचा तरी कुठं? फक्त एक राहिलं. वहीत मी तुमचं सगळं बोलणं लिहिलेलं नाही. एका संध्याकाळी हात धुताना तुम्ही म्हणालात, "डाग सूर्यावरच हाय का माज्या डोळ्यात, एकदा तू यिऊन बघ की गं." माझी परीक्षा होती. मी मान वर न करता म्हणाले, "उद्या बघते," आणि लिहिलं, मधोमध एक.