आडवा केलेला फोन

फ्रिस्को, शनिवार

मंदारवरचा राग अजून जात नाही. केतकीच्या घरी पॉटलकला, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी कॅल्क्युलेटरची जादू केली, तीही तिच्या आईसाठी. काकूंच्याच फोनवर सगळ्यांनी मनातले आकडे टाकून गुणाकार केला आणि उत्तर म्हणून आला त्यांच्या नागपूरच्या घरचा जुना नंबर, केव्हाच बंद झालेला. तो मला केतकीने आधी देऊन ठेवला होता. काकू बघतच राहिल्या. "अगं बाई, हा तर आमचाच. पुसू नका रे कोणी."

तेवढ्यात मंदारने फोन ओढून आडवा केला. "यार, आडवा केला की कंसाचं बटण येतं. नंबर यानेच आधी टाकलाय, पुढे अधिक शून्य गुणिले कंस, म्हणून आपले आकडे शून्याने गुणले गेले." आणि क्लिअर दाबून मोकळा. याला विचारलं कोणी होतं? आठवडाभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो, शनिवारीसुद्धा बग शोधल्याशिवाय जेवण जात नाही का? बरं, आडवा केलास तर केलास, पण पुसलास कशाला?

निघताना काकूंनी हळूच फोन पुढे केला. "तेवढा परत काढून दे रे." मी सरळ टाइप करून दिला, जादूबिदू काही नाही. त्या पुन्हा तशाच बघत राहिल्या.

आता यातला बग शोध म्हणावं.