बद्द वाजलेला सांधा

डिचोली, गुरुवार, तिन्हीसांज

पिंजऱ्याचं वेल्डिंग आज संपलं. रॅलीत गाडी उलटलीच तर छत डोक्यावर येऊ नये म्हणून आतून हे पाइप, आणि सगळे सांधे माझ्या हातचे. खनिजाच्या ट्रकांचे हौदे सांधणारा बेळगावचा बसाप्पा बघून गेला. "दिसायला झकास हाय. रंग मारायच्या आधी ठोकून बघा की, मालक. कानानं बघायचं असतंय ते."

ठोकलं. सगळे टणटणीत वाजले. एकच बद्द वाजला, पिकल्या फणसासारखा. डाव्या सीटच्या वरचा. माझा मेहुणा सुहास तिथेच नकाशा घेऊन बसलेला. रॅलीत वाट सांगणारा तोच. "भावोजी, पणस पिकला काय पळयतात?" फणस पिकलाय का बघताय, म्हणे. मी हसलो आणि त्या सांध्यावरही खडूने बरोबरची खूण केली.

का केली? परवा तपासणी आहे म्हणून? की बसाप्पाला मोठ्या तोऱ्यात "मला येतं" म्हणालो होतो म्हणून? आत लोखंड वितळलेलंच नाही, वरून नुसता लेप बसलाय. पहिल्या ठोक्यालाच कळलं होतं.

इथे तरी खरं लिहितो. माझ्या बाजूचा सांधा मी तीनदा ठोकून बघितला. सुहासच्या डोक्यावरचा एकदाच. दुसऱ्यांदा हात उचललाच नाही.

आत्ता जाऊन खडू पुसून आलो. सुहास अजून तिथेच बसला होता. "पुसलें कित्याक?"

"पणस पिकलाय," म्हटलं. "उतर खाली."