तेरा डिस्क आणि दीड जीबी कमी

तीर्थरूप ताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकतील तेवढाच). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, फक्त माझी घरात छी-थू चालू आहे. का, ते सविस्तर लिहितो.

आपल्या घरच्या समारंभांच्या तेरा डिस्क कपाटात पडून होत्या. मुलाने चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह आणून दिला आणि म्हणाला, सगळं यात भरून टाका. आता मी पडलो शिंपी. कापड पुरतंय का हे पाहिल्याशिवाय कात्रीला हात लावत नाही. प्रत्येक डिस्कवर ४.७ जीबी छापलेलं, म्हणजे तेरांचे झाले ६१.१. मग पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून पाहिला, तर तो म्हणतो ५९.६! चौसष्टातले चार-साडेचार गेले कुठे? (दुकानदाराशी तावातावाने भांडून आलो. त्याने मला पंख्याखाली बसवून पाणी दिलं.) थोडक्यात, दीड जीबी कापड कमी. एक डिस्क गाळणं भाग होतं.

कोणती, यावर घरात बैठक बसली. बायको म्हणाली, जिच्यात मी जाड दिसते ती गाळा (तशा नऊ निघाल्या). मुलाला स्वतःचा शाळेतला नाच नको होता. शेवटी एकमत झालं ते भावजींच्या निवृत्तीच्या भाषणावर. रागावू नकोस, पण त्रेचाळीस मिनिटं आहे ते. ती डिस्क मी दोऱ्याने गॅलरीत टांगली, कबुतरं घाबरावीत म्हणून. कबुतरं कसली घाबरतात! एक तर रोज तिच्यात तोंड बघून जातं.

आठवड्याने सूनबाईने माझा हिशेबाचा कागद पाहिला आणि हसत सुटली. म्हणे, "बाबा, डिस्कवर छापणारे हजाराने मोजतात आणि आपला कॉम्प्युटर एक हजार चोवीसने. दोन्ही एकाच टेपने मोजा की!" तिने डिस्क कॉम्प्युटरला लावली. भरली ४.३८. तेरा मिळून सत्तावन्नाच्याही आत. सगळं आरामात मावत होतं! गिऱ्हाईक एका टेपने आणि कापड दुसऱ्या टेपने मोजणाऱ्या कारागिराला मी दुकानाची पायरी चढू दिली नसती.

मुलांना आशीर्वाद. बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. त्या भाषणाची दुसरी प्रत तुझ्याकडे आहे, ती ताबडतोब पाठव. आमची ओरखडे पडून कामातून गेली. भावजी अकराव्यांदा "थोडक्यात सांगतो" म्हणतात, तेव्हा कॅमेऱ्याशेजारी बसलेली आई खळखळून हसते. बाकीच्या बारा डिस्कमध्ये ती नुसती पदर सावरते. तिचा आवाज आपल्याकडे तेवढाच आहे गं. हे आठवलं आणि मी गॅलरीत उभा राहून रडलो, खोटं कशाला सांगू.

ता. क. दुसरा. यातलं भावजींना काही सांगू नकोस. (तुझी पत्रं आधी तेच फोडतात, मला ठाऊक आहे. भावजी, नमस्कार. भाषण उत्तमच होतं.)

ता. क. तिसरा. सगळं भरूनही अडीच जीबीच्या वर जागा उरते. भावजींना म्हणावं, आणखी एक भाषण होऊन जाऊ द्या. फक्त या वेळी कॅमेऱ्याशेजारी तू बस. तुझं हसणं थेट आईचं आहे.