समुद्रतळाची गुठळी

२ डिसेंबर
शीतलचा जहाजावरून फोन. चार दहा ते चार पन्नास. आम्ही बाळापूर सोडून तिच्याकडे विशाखापट्टणमला राहावे, हा तिचा पक्ष. कारणे मागितली, दोन दिली, दोन्ही सदोष. "अप्पा, काम आहे, ठेवते" — दोनदा म्हणाली. वाद अर्धवट टाकून उठणे या घरात चालत नाही! तिला थांबवले. निष्कर्ष निघाला नाही, शिस्त राहिली.

३ डिसेंबर
थंडी वाढली. बाकी विशेष नाही.

११ डिसेंबर
लेक घरी आली — रजेवर नव्हे, निलंबित होऊन. वादळामुळे खोल समुद्रातले खोदकाम थांबले होते. पाच दिवसांनी सुरू करू जाता तळाकडची नळी गच्च बंद! तेथे दाब प्रचंड, गारवा कायमचा. वायू आणि पाणी मिळून बर्फासारखी गुठळी धरते. हायड्रेट म्हणतात. म्हणून पंप थांबवण्यापूर्वी नळीत ग्लायकॉल भरावे लागते. तो हुकूम शीतलने द्यायचा. दिला गेला नाही.

तिची आई कमलबाई म्हणाली, "थंडीत खोबरेल थिजतं, तसंच की."

तसे नव्हे. ही गुठळी शून्य अंशाच्या वरही धरते. शिवाय बौद्ध तर्कशास्त्र उपमानाला, म्हणजे नुसत्या साम्याला, प्रमाण मानत नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमचं परमाण! बाटली उन्हात ठेवली की तेल पातळ व्हतं. पोरीलाबी जरा ऊन लागू द्या."

१२ डिसेंबर
सतरा तारखेला चौकशी समितीपुढे खुलासा. नोकरी राहणार की जाणार, ते तेथेच ठरेल. एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले. माझी मुलगी निरुत्तर उभी राहणार नाही. मसुदा मीच लिहितो.

१३ डिसेंबर
मसुदा तीनदा फाडला. एक फट बुजत नाही. पंप पाच वाजता थांबले. ग्लायकॉल चार वाजल्यापासून तयार, माणसे तयार — मग त्या तासात शीतल कोठे होती?

"आठवत नाही, अप्पा."

दाबाचे आकडे दशांशापर्यंत सांगणारी मुलगी एक अख्खा तास विसरते? अमान्य. पुन्हा विचारले. पुन्हा. ती नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. कमलबाई आतून कडाडली —

"काहून लेकराला छळून राहिले तुमी? तिला समदं ठावं हाय! कुनाला तरी झाकून राहिली ती."

हे अनुमान मात्र निर्दोष. कोण तो, हे मी शोधणारच. असा माणूस सुटता कामा नये!

१४ डिसेंबर
घटनाक्रम मांडण्यासाठी पंप थांबल्याची तारीख विचारली. दोन डिसेंबर. हीच वही मागे उलटली — चार दहा ते चार पन्नास.

मसुदा रद्द. ते पान कापून घेतो आहे. सतराला शीतलबरोबर मी जाणार — साक्षीदार म्हणून.