घर अनुयाला, कसल्याही अटीविना

मी, मुरलीधर केशव सोहनी, भूगर्भशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, मूळचा वाईचा, हल्ली राहणार प्रताप नगर, जयपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. फुप्फुसे तेवढी नाहीत, पण या कामाला ती लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, असे लिहिण्याची पद्धत आहे. दबाव भरपूर होता. मी तो मानलेला नाही, एवढेच लिहितो. वकिलांकडे यापूर्वी तयार झालेला मसुदा रद्द समजावा.

१. राहते घर माझी पत्नी मधुवंती हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. तिच्या पश्चात ते आमची एकुलती मुलगी अनुया हिचे. रद्द मसुद्यात इथे ‘अनुयाने धूम्रपान कायमचे सोडल्यास’ असे शब्द होते. ते माझे थोरले बंधू बापू यांनी घालायला लावले आणि मधुवंतीने त्याला मान डोलावली. मी ते का काढले, हे एकदाचे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी कोर्टाच्या पायऱ्या चढणार नाही.

२. बँकेतील ठेवी मधुवंतीच्या. मात्र त्यातून माझ्या स्मरणार्थ कसलेही व्यसनमुक्ती शिबिर भरवू नये. मी तशा शिबिरात राहून आलो आहे. बापूंनीच मला तिथे नेऊन सोडले. तिथे मौन पाळले, काढा प्यालो, आणि बाहेर पडल्यावर पहिल्याच टपरीवर सिगारेटचे पाकीट घेतले. त्याआधी बापूंच्या सांगण्यावरून मधुवंतीने माझ्या चहात गुपचूप कसलेसे चूर्ण घातले होते. मला भर वर्गात फळ्यासमोर उलटी झाली. सिगारेट सुटली नाही, चहा मात्र सुटला. मग मधुवंतीने मला अनुयाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला सांगितले. ती पाळता येणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून मी नाही म्हणालो, तर बाईसाहेब महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. या माणसांचा माझ्यावर जीव आहे, हे मी नाकारत नाही. पण इतक्या वर्षांत एकानेही विचारले नाही की बाबा रे, तुला कशाने जमेल?

३. खडकांचे नमुने आणि हातोडी माझ्या विभागाला. भिंग बापूंना. लोकांना औषधे पाजण्याआधी त्यांनी पुडीवरची बारीक अक्षरे वाचावीत.

४. सरकारी रुग्णालयात छातीच्या बाह्यरुग्ण विभागामागे समुपदेशनाची एक खोली आहे. तिथे माझ्या अभ्यासिकेतील दोन्ही खुर्च्या द्याव्यात, कारण तिथल्या बसवत नाहीत. धाप लागून मी तिथे गेलो तेव्हा मनीषाताई भेटल्या, अमरावतीकडच्या. उठल्यावर पहिली सिगारेट किती लवकर लागते, आधी सोडली तेव्हा काय त्रास झाला, हे त्यांनी विचारले आणि उत्तर संपेपर्यंत ऐकले. मग निकोटिनची पट्टी, निकोटिनचा च्युइंगम, डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या, फोनवरचा सल्ला आणि दर आठवड्याला बसणारा गट, असे सगळे समजावून त्या म्हणाल्या, “यातलं तुम्हाला काय झेपेल ते सांगा. मग डॉक्टरांना विचारून ठरवू.”

मी पट्टी आणि गम घेतले. गट नको म्हणालो. अनोळखी माणसांसमोर रडगाणे गाण्याचा मला तिटकारा आहे. गम मी शेंगदाण्यासारखा चावत सुटलो आणि उचक्यांनी हैराण झालो. तो थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो, हे त्यांनी न कंटाळता पुन्हा दाखवले. मध्ये एकदा घसरलो, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा बदलून घेतली. अखेर सुटली.

५. आता अनुया. ती इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या दिवाळीत बापूंना तिच्या पर्समध्ये सिगारेटचे पाकीट दिसले. फराळाच्या ताटांवरच न्यायालय भरले. मधुवंती रडली, बापूंनी त्याच शिबिराला फोन लावला, आणि अनुया बॅग भरून राजा पार्कला मैत्रिणीकडे निघून गेली. आठवड्याने मी तिथे गेलो.

“बाबा, तुम्हीही सांगायला आलात?”

“नाही. विचारायला आलोय. तुला सोडायची आहे का?”

“सोडायची आहे. मतलब, या लोकांच्या देखत नाही.”

तिला मनीषाताईंकडे नेले. उत्साहात मी माझ्या उरलेल्या पट्ट्याही खिशात घेतल्या होत्या. मनीषाताईंनी त्या माझ्या हातात परत दिल्या आणि मला बाहेर बसवले. अनुयाने काय निवडावे? नेमका तो गट. मला पटले नाही, अजूनही पटत नाही. पण दर शनिवारी ती तिथे जाते, आणि होळीपासून ओढलेली नाही असे सांगते. मी तपासायला जात नाही.

ती उद्या पुन्हा ओढू लागली, तरी घर तिचेच. घर हे औषध नाही, आणि ते काढून घेण्याची भीती हे तर मुळीच नाही.

६. माझ्या तेराव्याला कोणी ‘सिगारेटने नेला’ असे भाषण करू नये. फारच उमाळा आला तर त्या खोलीचा पत्ता सांगावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनुयाने करावी.

हे सर्व मी सही करण्यापूर्वी मधुवंतीला वाचायला दिले. चूर्णाच्या ओळीवर ती थांबली. कागद परत देताना तिने विचारले, “त्या गटात घरच्या माणसांना येऊ देतात का?”

मी म्हणालो, “अनुयाला विचार.”

तिने फोन उचलला. ती आत अनुयाशी बोलत असताना मी ही सही करत आहे.

मुरलीधर केशव सोहनी

आमच्या समक्ष त्यांनी सही केली व त्यांच्या समक्ष आम्ही:
१. डॉ. परीक्षित लेले, राजा पार्क
२. स्वप्नाली माथूर, शेजारी, प्रताप नगर

जयपूर, दि. १२ जुलै २०२५