अंगावरून जातं म्हणजे किती

४ मार्च

लेक आज बस घेऊन डेपोत परत आलीच नाही. तिलाच दुसरा ड्रायव्हर घरी घेऊन आला! सिग्नलला गाडी थांबली आणि हिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. गाडी उभी होती म्हणून निभावलं. मागे गाडीभर माणसं बसलेली.

पाळी चालू आहे. महिन्यातून दोनदा यायला लागली आहे हल्ली, आणि आली की जायचं नाव घेत नाही. सीटवर काळ्या टॉवेलची घडी घालून बसते, म्हणजे डाग दिसत नाही. विचारलं तर म्हणे, "नेहमीसारखंच आहे गं आई." मग मी काय बोलणार? आमच्या घरात बायकांचं असंच. माझंही असंच होतं.

हे सगळं मी फोनला सांगते आहे. मला अक्षर येत नाही, ह्याला येतं. लेकीने लावून दिलं, "बटण दाब आणि बोल, कुणी वाचणार नाही." मी तर नाहीच वाचणार!

६ मार्च

मोठ्या दवाखान्यात जाऊन आलो. पोटावर यंत्र फिरवलं. डॉक्टर म्हणाला, पिशवीत गाठ आहे, पिशवी काढून टाकू. एकवीस तारीख दिली. संपलं! आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही धड, पडद्याशीच बोलत होता.

जावईबापू अशी मान हलवत होते, जणू गाडीचा टायर बदलायचा आहे. जिन्यात मला म्हणतात, "आई, शेहेचाळिसाव्या वर्षी तिला आता पिशवीचा काय उपयोग?"

म्हटलं, "तुमच्या डोक्यावरच्या त्या चार केसांचा तरी काय उपयोग? तेही काढून टाका!"

हसले बिचारे. माणूस वाईट नाही. घाबरलाय.

७ मार्च

लेक न्हाणीघरात नळ सोडून रडली. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

९ मार्च

मी विचारलं, "पिशवीसाठी रडतेस का?" म्हणाली, "पिशवीसाठी नाही गं. काय झालंय ते कुणी सांगतच नाही. नुसतं काढा काढा. आणि आतमध्ये काही भलतंच असलं तर?" कॅन्सर हा शब्द दोघींनीही तोंडातून काढला नाही.

डेपोतल्या तिच्या मैत्रिणीने एक डॉक्टरीण सांगितली आहे. कापायच्या आधी एकदा दाखव म्हणाली. जावई कुरकुरले, तारीख मिळाली आहे ती जाईल म्हणून. जाऊ दे! तारखा काय, रोज एक उगवते.

११ मार्च

आज जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

औषधांच्या दुकानावर छोटासा दवाखाना. बाई पन्नाशीची, नाकावरून चष्मा घसरलेला. आम्ही तिघं बसल्याबरोबर तिने मनगटावरचं घड्याळ काढलं आणि टेबलावर पालथं ठेवलं. मला तिथेच आवडली.

"अंगावरून किती जातं?"

"नेहमीसारखंच," आमची बया म्हणाली.

"नेहमीसारखं म्हणजे किती? रात्री बदलायला उठावं लागतं?"

"उठते ना."

"एकावर एक दोन पॅड?"

"दोन, आणि खाली टॉवेल."

"गाठी पडतात? केवढ्या?"

लेकीने अंगठ्याचं पेर दाखवलं.

"आणि गादीवर काय घालता?"

"रबराचं कापड. आईने दिलंय, लग्नात."

तेव्हा बाईने चष्मा वर ढकलला आणि माझ्याकडे वळली. "आजी, तुमचंही असंच होतं?"

"माझं तर हिच्यापेक्षा जोरात!" मी म्हटलं, तेही जरा तोऱ्यातच. "आमच्या घरात असंच जातं."

बाई हसली नाही. "म्हणजे घरात कुणाला कधी जास्त वाटलंच नाही. मोजायला दुसरं माप नव्हतं." आणि लेकीला एकदम विचारते कसं, "दात काढलाय कधी?"

घ्या! म्हटलं हिचं लक्ष उडालं. पाळीचं विचारता विचारता दातात शिरली! पण लेक म्हणाली, अक्कलदाढ काढली तेव्हा दुसऱ्या दिवशीपर्यंत रक्त थांबेना. अंगावर निळे डाग उठतात? उठतात, कशाने ते कळतही नाही. बाळंतपणात? रक्त चढवावं लागलं होतं. कुठल्या गोळ्या घेता, केस गळतात का, थंडी फार वाजते का – सगळं विचारलं. एक दार उघडायचं, आत डोकावायचं, ओढून घ्यायचं, मग पुढचं. ह्या घरात राहून मला जे कधी दिसलं नाही ते तिला खुर्चीत बसून दिसलं.

मग म्हणे, आधी दिवस गेलेत का ते तपासू. मला हसू आवरेना. "बाई, ती थकून घरी येते ती सरळ पलंगावर आडवी होते. जावईबापूंना तर तोंडही दिसत नाही!" लेकीने मला जोरात चिमटा काढला. बाई आता मात्र हसली. "आजी, पाळी चालू आहे अशा प्रत्येकीचं मी पहिलं तेच बघते. माणसांवर विश्वास आहे माझा, अंदाजावर नाही."

दिवस नव्हते. तपासलं, रक्त काढलं, स्वतः यंत्र फिरवलं आणि पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. गाठ वाटाण्याएवढी, पिशवीच्या बाहेरच्या अंगाला. "हिने काही एवढं रक्त जात नाही. उगीच आळ आलाय हिच्यावर."

"मग कशाने?" जावई.

"तेच शोधायचं आहे. तोवर एकवीस तारीख रद्द करा."

१४ मार्च

पंचेचाळिशीच्या पुढे आतल्या अस्तराचा तुकडा तपासावाच लागतो म्हणाली. बारीक नळी घालून घेतला. लेकीने माझा हात असा दाबला की बोटं कळवळली. करताना बाई एकेक गोष्ट आधी सांगत होती – आता गार लागेल, आता कळ येईल, आता संपलं. फसवलं नाही कुठेही.

शेवटी लेकीनेच तो शब्द उच्चारला. "कॅन्सर असेल?"

"नसावा असं वाटतं. पण मला वाटून तुम्हाला काय उपयोग? रिपोर्ट येऊ दे."

१६ मार्च

रिपोर्ट नाही. लेकीने सगळी कपाटं आवरली. जावयांनी आवरलेली परत आवरली.

१९ मार्च

कॅन्सर नाही! अस्तर साफ!

जावईबापू दवाखान्याच्या जिन्यात मटकन खाली बसले आणि रुमालात तोंड घालून रडले. नळसुद्धा सोडला नाही. मला एकदम आवडले.

आणि कारण सापडलं. लेकीच्या रक्तात, रक्त थांबवणारं काहीतरी जन्मापासून कमी आहे. म्हणून दाढ, म्हणून निळे डाग, म्हणून सगळं. दोनदा तपासून घेतलं बाईने, मगच बोलली. न कळता पोट उघडलं असतं तर टेबलावरच फार रक्त गेलं असतं म्हणाली. आता त्या दिवसांपुरत्या गोळ्या, गेलेलं रक्त भरून यायला लोखंडाची सलाईन, आणि पिशवीत बसवायची एक छोटी वस्तू, तिने रक्त जायचं कमी होतं. पिशवी जागच्या जागी!

निघताना मला म्हणे, "आजी, तुमचंही रक्त द्या."

"माझं कशाला? माझं दुकान बंद होऊन युग लोटलं!"

"दुकान बंद झालं हो, पण माल तोच आहे ना?"

मी हात पुढे केला. मला तोडीस तोड बोलणारी माणसं कमी भेटतात.

२४ मार्च

दुसरी सलाईन झाली. आज लेक जिना चढताना माझ्याशी भांडत होती. चढताना! मधे दम न खाता! असं गोड भांडण बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

२८ मार्च

माझ्या रक्तातही तेच निघालं. बाईंनी विचारलं, तुमच्या आईचं काय? म्हटलं, माझ्या वेळेला बाळंतपणात गेली, रक्त थांबलंच नाही. मग म्हणाल्या, नक्की नाही सांगता येणार आजी, पण बहुतेक हेच असावं.

आईला खाऊन जन्माला आली, असं म्हणायचे मला. माझा बापसुद्धा.

म्हणणारे एकूण एक गेले. आता कुणाच्या दारात जाऊन सांगू?