टोपणभर खत

अहो,

परवा तुमचं वर्षश्राद्ध. पिंपळगावहून भाऊजी येतील आणि चपला काढायच्या आत खिडकीतल्या कुंडीतल्या तुमच्या आयव्हीच्या वेलीकडे बघतील. त्याआधी तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. समोर असतात तर म्हणाला असतात, "थोडक्यात सांग, संस्कृतवाल्या बाई, आम्हाला अंबडच्या कारखान्यातली पाळी गाठायचीय."

दहाव्याला घाटावर तुमच्या पिंडाला कावळा शिवेना. चैत्राचं ऊन. सगळे कबुल्या देत सुटले. "सायलीचं शिक्षण पूर्ण करू!" कावळा ढिम्म. "वहिनींना अंतर देणार नाही!" तरी ढिम्म. शेवटी भाऊजी रडत ओरडले, "दादा, तुझी ती वेल जगवतो रे!"

आणि कावळा झेपावला. लेक राहिली, बायको राहिली, जीव अडकला तो आयव्हीत! माझ्या नावावर निदान पंख तरी हलवायचेत!

भाऊजी शब्दाचे पक्के. तेराव्याला येताना द्राक्षबागेतलं खत घेऊन आले. मी म्हटलं, "एवढं नको हो, कुंडीतली आहे ती."

"वेलच हाय ना वहिनी? आमची द्राक्षं काय येगळी? बघा, पानं कशी पांढरी पडलीत. लय उपाशी हाय बिचारी."

पांढरी पडली नव्हती हो! पांढऱ्या कडेची म्हणूनच तुम्ही ती निवडून आणली होती. पण मेलेल्या भावाला नुकतंच वचन दिलेल्या माणसाची मूठ कोण धरणार? कोरड्या मातीत, भर उन्हाळ्यात, ती मूठ रिकामी झाली.

तुमचं गणित किती वेगळं! कुंपणावरच्या साध्या हिरव्या आयव्हीला पावसाच्या तोंडावर बुडाशी ओंजळभर शेणखत, मग वर्षभर तिची चौकशी नाही. कुंडीतलीला आधी पाणी, मग बादलीत पातळ केलेलं टोपणभर खत, तेही महिन्यातून एकदा. कडक उन्हात उपास. मी चिडवायचे, "एवढं सोवळं देवाच्या नैवेद्याला पाळलं असतंत तर!" तुम्ही म्हणायचात, "जमिनीतली वेल लांब मुळं धाडून हवं ते शोधते. कुंडीतलीला आपण घालू ते खावंच लागतं."

दवाखान्यात नळीतून भरवताना तुम्ही माझ्याकडे बघायचात, तेव्हा हेच वाक्य आठवायचं. ते तुम्हाला का नाही म्हटलं मी?

आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. बादल्या ओतून माती धुतली, पण उशीर झाला होता. शेवटी खोड नखानं खरवडलं. आत तपकिरी. वेल मेली होती.

सायली म्हणाली, "आई, काकांना कोण सांगणार?"

कोणीच नाही सांगितलं. पावसाळ्यात कुंपणावरच्या वेलीचा तुकडा कापून त्याच कुंडीत, नव्या मातीत लावला. रुजला, पण निखळ हिरवा. तुमची पांढरी कडा गेली ती गेलीच.

दिवाळीला भाऊजी आले, कुंडीशी उभे राहिले. "पाह्यलं का वहिनी? डोस लागू पडला! पांढरेपणा पार गेला!" आणि लहान मुलासारखे रडले. मी चहा टाकते म्हणून आत गेले. गॅस पेटवायचं सुचलंच नाही.

काल त्यांचा फोन होता. "येताना खत आणतो. दादाला शब्द दिलाय ना."

खरं सांगू? त्यांनी भाऊ पोचवला, आता भावाची वेलही आपल्याच मुठीनं पोचवली, हे त्यांना ऐकवू? नाही सांगवत. तुम्ही रागावायचं ते माझ्यावर रागवा. आणि परवा कावळ्याला ताटकळत ठेवू नका. भाऊजी आणखी काय कबूल करून बसतील, नेम नाही!

माझ्याकडून हे वचन घ्या. खत भाऊजींच्याच हातून पडेल. "हे दादाचं माप," म्हणून सांगेन. ते ओलांडायचे नाहीत. पण टोपण मी भरीन.

तुमची,
मंदा